मालवणच्या खाडीत गरवायला येताना तिथी पाहून या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे चार मित्र डिसेंबरच्या अखेरीस चार दिवस मालवण-देवगड भागात येणार आहेत. त्यांपैकी दोघांनी धरणाच्या पाण्यात रोहू-कटला गळाने पकडले, आमच्या भाषेत गरवले, आहेत, उरलेले दोघे अगदी नवे आहेत. स्थानिक गाईड घेऊन खाडीत जिताडा, समुद्रात एखादा मोठा मासा आणि जमल्यास नदीत महसीर असा बेत एकाच दौऱ्यात बसेल का, गाईड कसा पारखावा, सामान कोणते आणावे आणि लागलेल्या माशाचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. कर्ली आणि कालावलच्या खाड्यांत मी हेच काम करत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः या भागापुरते आहे.

खाडी आणि समुद्र चार दिवसांत व्यवस्थित बसतात. महसीर बसत नाही, आणि तो बसवण्याचा हट्टही धरू नये. त्याचे कारण पुढे सांगतो. त्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण बाकीचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आपण तारीख सुट्टी पाहून ठरवली आहे, ती तिथी पाहून ठरवावी. बाहेरगावची माणसे महागडे रॉड आणतात, हॉटेल महिनाभर आधी राखून ठेवतात आणि पाणी कसे असेल याची चौकशी मात्र होडीत बसल्यावर करतात. खाडीत मासा भूक लागली म्हणून खातो त्यापेक्षा पाणी खाणे समोर आणून देते म्हणून खातो, आणि पाणी कोणत्या वेळी काय आणून देईल हे पंचांगात आधीच लिहिलेले असते.

आमच्याकडचा ठोकताळा सोपा आहे. शुक्ल किंवा कृष्ण पक्षातली तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरते. दुसरी भरती त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते आणि दोन भरत्यांच्या मध्ये सुकती, म्हणजे ओहोटी. हा ठोकताळा किनाऱ्यावरचा आहे. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, आणि एका दिवसाच्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत. मात्र सहल कोणत्या आठवड्यात करावी हे ठरवायला पाऊणपटीचा हिशोब पुरेसा आहे.

आता हा हिशोब माशाशी कसा जुळतो ते पाहू. भरतीला पाणी कांदळवनात शिरते, त्याच्याबरोबर कोळंबी, बोयटांची पिल्ले आणि बारीक चिंगळे मुळांच्या गर्दीत आसऱ्याला जातात. पाणी उतरू लागले की या सगळ्यांना बाहेर यावे लागते, आणि बाहेर येण्याच्या वाटा थोड्याच असतात: कांदळवनातून मुख्य खाडीत उतरणारे छोटे ओहोळ, मिठागराच्या किंवा शेताच्या बांधाची फुटलेली तोंडे, जुन्या धक्क्याचे खांब. जिताडा अशा तोंडापाशी, वाहत्या पाण्याच्या थोडा बाजूला, शांत पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. सुकतीच्या पहिल्या दोन तासांत पाणी अजून रानात पसरलेले असल्यामुळे त्याचे खाणेही पसरलेले असते. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात ते एका हाताच्या रुंदीच्या धारेत गोळा होऊन येते, आणि त्या तास-दीड तासात जे होते ते उरलेल्या दिवसभरात होत नाही.

हा शेवटचा हिस्सा सकाळच्या कोवळ्या उजेडात यावा अशी माझी धडपड असते. डिसेंबरअखेर आमच्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. चतुर्थीला तीनची भरती धरली तर सुकती सव्वानऊला संपते. पंचमीला दहाला, षष्ठीला पावणेअकराला. म्हणजे चतुर्थी ते षष्ठी या तीन तिथींना उजाडल्यानंतरचे सर्वांत चांगले तास आणि सुकतीचा शेवट एकमेकांवर येतात. त्या दिवसांत पाण्याचा जोरही मध्यम असतो. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे ऐन जुवाळात (उधाणात), खाडी इतक्या वेगाने ओढते आणि इतकी गढूळ होते की आमिष माशाला दिसण्याआधीच पुढे निघून जाते. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. आमच्याकडे चढ-उतार दोन मीटरच्या आसपासचा, म्हणजे पुष्कळ सौम्य, तरीही अरुंद खाडीच्या तोंडाशी तो पुरून उरतो. याउलट अष्टमी ते दशमीच्या भांगात पाणी जेमतेम हलते. तेव्हा खाडीतला जिताडा सुस्त असतो, पण समुद्रात तळाला गरी (गळ) सोडून बसायला तेच दिवस उत्तम, कारण शंभर ग्रॅमचे शिसे तळ धरून राहते. जुवाळात त्याच्या दुप्पट वजनही वाहून जाते.

म्हणून चार दिवसांचा माझा बेत असा राहील: पंचमीपासून सुरुवात करावी, पंचमी आणि षष्ठीची सकाळ खाडीत घालवावी, सप्तमी आणि अष्टमीला पहाटे समुद्रात जावे. सप्तमीची दुसरी भरती संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास भरते आणि त्यानंतर लवकरच सूर्य मावळतो, त्यामुळे त्या संध्याकाळी खाडीच्या मुखाजवळच्या खडकांवर तांबोशी माशासाठी दोन तास काढता येतात. पक्ष कोणताही चालेल. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत या तिथी येत नसतील तर सहल आठवडाभर पुढे ढकलावी, असेच मी सुचवेन. त्या आठवड्यात देवबाग-तारकर्लीच्या संगमावर पाण्यातल्या खेळांच्या होड्यांची इतकी वर्दळ असते की कर्लीच्या तोंडाशी गरवण्यात अर्थ राहत नाही. तारीख बदलणे अगदीच अशक्य असेल तर कर्लीत बरेच वर जावे, किंवा गड नदीची कालावल खाडी, आचरा, अथवा उत्तरेला वाघोटन नदीची विजयदुर्ग खाडी निवडावी.

समुद्राच्या दिवशी वेळेची शिस्त याहून कडक हवी. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि समुद्र तळ्यासारखा असतो. दहा-अकरानंतर वारा फिरतो, वायव्येकडून जोर धरतो, आणि दुपारी छोट्या होडीत उभे राहून रॉड चालवणे नव्या माणसाला झेपत नाही. उजाडताना निघून बारापर्यंत परत, हा नियम मी मोडत नाही. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था रोज देते. आदल्या संध्याकाळी तो गाईडने स्वतःहून सांगितला पाहिजे.

आता गाईडविषयी. फोनवर पहिल्या दोन मिनिटांत तो तुम्हाला काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे. ज्याला फक्त माणसे किती आणि आगाऊ रक्कम केव्हा हे जाणून घ्यायचे आहे, तो होडीवाला आहे. चांगला होडीवाला असेल, पण गाईड नव्हे. गाईड तारखेवरून तिथी काढतो, आधी काय पकडले आहे ते विचारतो, कोणाला पोहता येते हे विचारतो, आणि बहुतेक वेळा तुम्ही दिलेल्या तारखेत एखादा बदल सुचवतो. “मासा नक्की मिळेल” असे जो सांगतो त्याच्याकडे जाऊ नये. खाडीत दोन चांगल्या सकाळी घालवून जिताड्याने एकदाच ओढ द्यावी आणि तोही सुटावा, हे अगदी सामान्य आहे, आणि हे आधी सांगण्याइतका प्रामाणिकपणा गाईडकडे हवा.

होडीचे कागद विचारायला संकोच करू नये. मासेमारीची नौका मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदलेली असते, पण पर्यटक बसवून नेण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्र सागरी मंडळाकडून घ्यावी लागते. प्रत्येकाच्या अंगावर, म्हणजे फळीखाली गुंडाळून ठेवलेले नव्हे तर अंगावर बांधलेले जीवरक्षक जॅकेट असले पाहिजे. आणि एका होडीत रॉड फिरवणारी माणसे दोनच असावीत. कृत्रिम आमिषाला तीन-तीन टोकांचे दोन गळ असतात, आणि छोट्या होडीत चौघे एकाच वेळी ते फेकू लागले की कोणाच्या तरी कानात किंवा पाठीत ते रुतल्याशिवाय राहत नाहीत. चौघांसाठी दोन होड्या घ्याव्यात, किंवा दोघांनी सकाळी आणि दोघांनी संध्याकाळी जावे. खर्च वाढतो हे खरे आहे, तरी या बाबतीत काटकसर करू नये.

याहूनही एक गोष्ट मी महत्त्वाची मानतो. गाईड त्याच खाडीचा माणूस असावा, किंवा निदान तिथल्या मच्छीमारांशी त्याचे बरे संबंध असावेत. खाडीत तुमच्याआधी पाग टाकणारे, जाळी लावणारे, सुकतीला चिखलात उतरून कालवे आणि मुळे (शिंपल्या) काढणाऱ्या बायका, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे ओढणारा सगळा गाव, अशी कितीतरी माणसे पोटासाठी उतरलेली असतात. आपण हौसेसाठी आलो आहोत. त्यांच्या जाळ्यावरून दोरी फेकायची नाही, रापण पाण्यात असताना तिच्या वेढ्यात होडी घालायची नाही, गळ जाळ्यात अडकला तर जाळे न फाडता आपली दोरी कापायची. बाहेरून आलेल्या एखाद्या गाईडला कोणाचे जाळे कुठे लागते हेच ठाऊक नसते, आणि मग भांडण पाहुण्यांच्या देखत होते.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, कारण सुरुवातीला गाईडचेच सामान वापरणे शहाणपणाचे आहे. तरी स्वतःचे आणायचेच असेल तर खाडीसाठी सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, तीन किंवा चार हजार मापाचे रीळ, २० ते ३० पौंडांची विणलेली दोरी आणि तिच्यापुढे हातभर ४० पौंडांचा जाड तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) पुरतो. हा तंगूस वगळू नये. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, आणि मासा खांबाकडे पळाला तर तिथली कालवे विणलेली दोरी क्षणात कापतात. आमिषांत तीन-चार इंची मऊ रबरी मासा आणि बोटभर लांबीचा, बुडून चालणारा कडक मासा एवढे दोन प्रकार आणले तरी चालेल. समुद्रात कोकर, म्हणजे हौशी मंडळी ज्याला जीटी म्हणतात तो, किंवा सुरमई-गेदर लागण्याची आशा असेल तर रॉड-रीळ पूर्णपणे वेगळे, पुष्कळ दणकट लागते. धरणावरचे सामान तिथे मोडते. सुरमईच्या दातांसाठी पुढे पोलादी तारेचा तुकडाही लागतो. ते सारे गाईडकडून भाड्याने घ्यावे.

नव्या दोघांनी पहिल्या दिवशी जिताड्याचा ध्यास घेऊ नये. त्यांना छोट्या गरीवर सोललेल्या कोळंबीचा तुकडा लावून रेताड तळावर मुडदुशे किंवा खडकाच्या कडेला पालू गरवायला बसवावे. पालू आमिष चाखत चाखत खातो. रॉडच्या टोकाला दोन बारीक टकटक येतात, तेव्हा झटका दिला तर रिकामी गरी वर येते, आणि तिसऱ्या ओढीला टोक सावकाश वाकू लागले की नुसता रॉड उचलला तरी तो लागतो. हे बोटांना एकदा कळले की पुढचे सगळे सोपे होते. माझ्या मते हा एक तास म्हणजे पाहुण्यांना गाईडकडून मिळणारे सर्वांत मोलाचे शिक्षण आहे.

जिताड्याचे घेणे अगदी वेगळे असते. तो चावत नाही. तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, आणि उथळ पाण्यात त्याचा “टप्” असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आवाज ऐकताच बहुतेकजण दचकून रॉड वर उडवतात आणि आमिष त्याच्या तोंडातून बाहेर येते. दोरी ताणली जाऊन हाताला वजन लागेपर्यंत थांबावे, मग रॉड वर न नेता बाजूला ओढावा. मासा लागला की तो वर येऊन डोके जोरात झाडतो. त्या वेळी रॉडचे टोक पाण्याच्या जवळ खाली न्यावे आणि दोरी सैल पडू देऊ नये, कारण सुटणारे बहुतेक मासे या पहिल्या उडीतच सुटतात. तांबोशीचे तंत्र उलटे आहे. तो उडी मारत नाही, सरळ आपल्या कपारीकडे वळतो, आणि पहिल्या चार-पाच हातांत त्याला अडवले नाही तर दोरी खडकाला घासून तुटते. म्हणून त्याच्यासाठी रिळाचा ब्रेक आधीपासून आवळून ठेवावा लागतो.

मोठा जिताडा लागला तर काय करावे, हा आपल्या प्रश्नातला माझ्या मनाला सर्वांत जवळचा भाग आहे. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, एक-दोन विणींत भाग घेतो, आणि पुढे सहा-आठ वर्षांचा होईपर्यंत त्याची मादी होते. याचा सरळ अर्थ असा की हातात धरून फोटो काढावासा वाटणारा प्रत्येक मोठा जिताडा जवळपास नक्की मादी असतो, आणि ती पावसाळ्याच्या सुमारास नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात लक्षावधी अंडी घालते. एका खाडीत अशा माद्या मोजक्याच असतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याने याच माशासाठी दोन्ही बाजूंनी मर्यादा घातली आहे: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये समुद्री माशांच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, ही फार चांगली गोष्ट झाली, परंतु वरची मर्यादा आपल्याकडे आपणच घालून घ्यायची आहे. माझ्या होडीत दोन हातांपेक्षा मोठा जिताडा परत जातो. जेवणासाठी मधल्या मापाचा एक मासा चौघांना पुरतो, आणि तोही ठेवायचा की नाही हे होडीत चढण्यापूर्वी ठरलेले असते, कारण मासा हातात आल्यावर होणारा निर्णय क्वचितच माशाच्या बाजूने होतो.

परत सोडणे म्हणजे पाण्यात फेकून देणे नव्हे. गळाचे उलटे काटे घरूनच पक्कडने दाबून सपाट करावेत. मासा दोरीच्या नव्हे, रबरी जाळीच्या झोळण्यात घ्यावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. झोळणे होडीच्या कडेला पाण्यातच ठेवून लांब पक्कडने गळ काढावा. हात आधी पाण्यात भिजवून घ्यावेत. फोटो काढायचाच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर मासा उचलावा, एक हात खालच्या जबड्याशी आणि दुसरा पोटाखाली देऊन आडवा धरावा. नुसत्या जबड्याने उभा लोंबकळता धरला की मोठ्या माशाच्या मानेच्या आणि पोटाच्या आतल्या भागाला त्याच्याच वजनाने इजा होते. कल्ल्यात बोट घालू नये. अर्ध्या मिनिटात तो पाण्यात परत गेला पाहिजे. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून नुसता आधार द्यावा. सुरुवातीला तो कुशीवर कलंडतो, कल्ले सावकाश हलतात, नंतर पाठ सरळ होते, शेपटीत ताकद येते आणि तो हाताला झटका देऊन निघून जातो. झटका आल्याशिवाय हात काढू नये.

समुद्रातल्या गोबऱ्याची गोष्ट थोडी अवघड आहे. त्याच्या बहुतेक जातींत हा क्रम उलटा असतो, आधी मादी आणि पुढे नर. म्हणजे तिथेही मोठा मासा काढून नेण्याने विणीचे गणित बिघडतेच. शिवाय खोल पाण्यातून भराभर वर काढलेल्या गोबऱ्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येते, आणि असा मासा वरच्या वर सोडला तर बुडू न शकल्यामुळे तरंगत मरतो. बाहेर आलेला भाग टोचू नये. उलट्या गळाला वजन बांधून माशाला तळापर्यंत परत नेऊन सोडण्याची सोपी युक्ती आहे. ती गाईडला येत नसेल तर खोल पाण्यात फक्त खायचा तेवढा एक मासा काढावा आणि गरी आवरावी.

कायद्याचे काही मुद्दे माहीत असलेले बरे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे गरी टाकायची नाही, आणि गाईड तिथे नेतो म्हणाला तर तो गाईड सोडून द्यावा. निवती रॉक, म्हणजे वेंगुर्ला रॉक्स, या बेटांभोवती कोकर चांगला लागतो, परंतु बेटावर चढू नये. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत आणि त्यांची चोरी होत आल्यामुळे वनखात्याचे लक्ष असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीबंदी असते, आणि त्या काळात कोणी इंजिनाच्या होडीने समुद्रात नेण्याची तयारी दाखवली तर नकार द्यावा. व्हेल शार्क, करवत मासा आणि कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. चुकून गळाला लागले तर पाण्यातच दोरी कापून सोडावेत. कांदळवनाच्या फांद्यांना होडी बांधून त्या मोडू नयेत. आमच्या खाडीच्या कडेला दिसणारी पांढरी चिपी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, आणि तिच्या मुळांतच जिताड्याची आणि तांबोशीची पिल्ले वाढतात.

आता महसीर. सह्याद्रीचा महसीर हा आपला जुना मासा आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्याच मुळा-मुठेची अवस्था पुणेकरांना सांगायला नको. कोकणात उतरणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. डिसेंबरात त्यांचे प्रवाह बारीक होतात आणि मासा मोजक्या डोहांत, कोंडींत गोळा होतो. त्यांतल्या कित्येक कोंडी देवाच्या आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या आश्रयाने, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे येथे महादेवाच्या आश्रयाने हा मासा पिढ्यान्पिढ्या वाचला आहे. तिथे कुरमुरे टाकले की मोठाले मासे हाताजवळ येतात. तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. ती श्रद्धा नसती तर तो मासा तिथे उरला नसता. बिगरदेवस्थानी डोहांत सुकत्या पाण्यात कोंडलेल्या माशाला गळ लावणे हा खेळ म्हणून मला मान्य नाही. धरणांतली मासेमारी सहसा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय तिथेही बसता येत नाही. महसीर पाहायचाच असेल तर लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ त्याचे बीजकेंद्र गेली पन्नासेक वर्षे आहे, पुण्याहून ते जवळ पडते. आणि त्याच्याशी झुंजायचेच असेल तर कधीतरी स्वतंत्र सवड काढून उत्तराखंडात पंचेश्वरला, काली आणि शरयूच्या संगमावर, सोनेरी महसीरासाठी जावे. तिथे गाईडची परंपरा आहे आणि मासा परत सोडण्याचा शिरस्ताही आहे.

इजांबद्दल दोन शब्द. चिखलात चालताना पाय उचलून न टाकता घसटत न्यावा, म्हणजे तळाला पडलेली पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकते. पाकटीचा काटा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. त्या विषाची वेदना उष्णतेने उतरते. नंतर डॉक्टरकडे जावेच. गळ मांसात काट्यापलीकडे रुतला तर ओढू नये. कालवांच्या खडकावर अनवाणी किंवा रबरी चपलेने चढू नये. आपला बेत पुढे चिपळूण-दाभोळकडे वळला, तर वाशिष्ठीत मगरी आहेत हे लक्षात ठेवून काठावर पाण्यात पाय सोडून बसू नये.

दर ठरवताना इंधन, होडी, गाईड, सामानाचे भाडे आणि जिवंत आमिष यांचा हिशोब वेगवेगळा मागावा, आणि रॉड मोडल्यास कोणी भरायचे हे तेव्हाच स्पष्ट करावे. वाऱ्यामुळे समुद्राची फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळणार की त्याऐवजी खाडीची सकाळ मिळणार, हेही विचारावे. बहुतेक चांगले गाईड दुसरा पर्याय देतात आणि तो घ्यावा. ठेवलेला मासा पाहुण्यांचा की होडीचा, यावरून नंतर मन खट्टू होते, म्हणून तेही आधी बोलून घ्यावे. फोन करताना गाईडला चार गोष्टी सांगा: तुमच्या तिथी, कोणाला पोहता येते, कोणाला समुद्र लागतो, आणि मोठा जिताडा तुम्ही सोडणार आहात हे. शेवटची गोष्ट ऐकल्यावर तो तुम्हाला कोणत्या ओहोळावर नेईल, यात फरक पडतो.